गोरोकाला जायचं, पण कुठल्या पैशानं?

कोथरूडच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 62, खासगी नोकरीतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी सुरू. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोकाला, सप्टेंबरमध्ये भरणारा सिंग-सिंगचा, म्हणजे तिथल्या जमातींच्या पारंपरिक नाच-गाण्यांचा, मेळावा पाहायचा आहे. बारा दिवसांची मार्गदर्शकासह सहल, आयोजकांचा दर आजच्या भावाने सव्वासहा लाख. यजमान येणार नाहीत. मुलगा म्हणतो, "त्या पैशात युरोप दोनदा होईल." त्यालाही बाणेरच्या फ्लॅटसाठी पाच लाख हवे आहेत. ताई विचारतात: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले 30 लाख मोडू, म्युच्युअल फंड विकू, की आयोजकांनी सुचवलेलं हप्त्यांचं कर्ज घेऊ? आणि हा वेडेपणा तर नाही ना?

ताई, वेडेपणाचं तुमचं तुम्ही ठरवा. पैसे कुठून काढायचे एवढंच मी सांगू शकतो. कर्जाचा विषय तर इथेच संपवू. निवृत्तीनंतर सहलीसाठी कर्ज काढायचं नाही.

आधी खर्चाचा आकडा नीट मांडू, कारण सव्वासहा लाख हा काही तुमचा खर्च नाही. तो दर दोघांत एक खोली धरून आहे. तुम्ही एकट्या, म्हणजे त्यांच्याच पत्रकाप्रमाणे वेगळ्या खोलीचे 70 हजार वाढले. मुंबईहून सिंगापूरमार्गे पोर्ट मोर्सबीचं येण्याजाण्याचं विमान सव्वा लाखाच्या पुढे धरा. ब्रिस्बेनमार्गे तिकीट स्वस्त दिसेल, पण भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. विमा, लशी, हिवतापाच्या गोळ्या, बक्षिशी आणि तिथल्या बायका हाताने विणतात त्या बिलुम पिशव्या (दोनावर तुम्ही थांबणार नाही, हे पत्रावरूनच कळतंय) यांचे साठ हजार. बेरीज पावणेनऊ लाखांच्या पुढे जाते. आपण नऊ धरू.

मुलाची युरोपची तुलना ऐकायला बरी, पण ती लागू पडत नाही. युरोपात चाळीस माणसांची बस जाते आणि रस्ते सगळीकडे आहेत. इथे राजधानी पोर्ट मोर्सबीहून गोरोकाला रस्ताच नाही, विमानानेच जावं लागतं. दुपारनंतर डोंगरांवर ढग उतरतात आणि उड्डाणं रद्द होतात किंवा दुसऱ्या दिवसावर जातात. शिवाय देशातली सुमारे 97 टक्के जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. गावात जायचं, गोरोकाजवळच्या असारो भागातल्या, मातीचे मुखवटे घालणाऱ्यांना त्यांच्याच अंगणात पाहायचं, तर आधी त्या कुळाशी बोलणी होतात आणि त्यांना पैसे द्यावे लागतात. आठशेहून अधिक भाषांच्या देशात हे काम स्थानिक माणसाशिवाय होत नाही. तुम्ही पैसे मोजताय ते त्या माणसाचे आणि गाडीचे. हॉटेल तसं साधंच असेल. मेळावा 1957 पासून भरतो, 16 सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, आणि त्या आठवड्यात गावातल्या मोजक्या खोल्या केव्हाच भरलेल्या असतात. म्हणून आयोजक आगाऊ रक्कम मागतात आणि ती सहसा परत देत नाहीत. दर महाग आहे, पण फसवा वाटत नाही. काही कापायचंच असेल तर सहलीतले सेपिक नदीवरचे तीन दिवस कापा. तिथे छोटं विमान ठरवून जावं लागतं, आणि सखल भाग असल्याने हिवतापाचा धोका 1,600 मीटरवरच्या गोरोकापेक्षा बराच जास्त.

आता पैसे. ज्येष्ठ नागरिक योजनेला हात लावू नका. खातं उघडून 14 महिने झालेत. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं, आणि एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केलं तर ठेवीच्या दीड टक्का, म्हणजे 45 हजार कापले जातात. 8.2 टक्क्यांचा बांधलेला दर जातो तो वेगळाच. तिमाहीला येणारे 61,500, म्हणजे महिन्याचे साडेवीस हजार, आणि यजमानांची 42 हजार पेन्शन, यावर तुमचा 55 हजारांचा संसार चाललाय. सहा लाखांची मुदत ठेव दवाखान्यासाठी आहे. ती तिथेच राहू दे.

राहिला इक्विटी फंड. आज किंमत 18 लाख, गुंतवलेले 11. यातले नऊ विका, पण एकदम नको. आगाऊ रकमेपुरते, साधारण साडेचार लाख, 31 मार्चपूर्वी आणि उरलेले एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. प्रत्येक वर्षात नफा पावणेदोन लाखांच्या आसपास येईल. आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात म्हणून थोडा जास्तही निघेल. दीर्घ मुदतीचा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, आणि तुमचं व्याजाचं उत्पन्न वर्षाला 2.46 लाखच असल्याने नव्या करप्रणालीतली चार लाखांची करमुक्त मर्यादा पूर्ण वापरली जात नाही. उरलेली मर्यादाही या नफ्यातून वजा होते. म्हणजे कर शून्य. सगळं एकाच वर्षात विकलंत तर नऊ-साडेनऊ हजार जातील. फरक फार मोठा नाही, मान्य. पण सप्टेंबरला लागणारे पैसे जुलैपर्यंत शेअर बाजारात ठेवायचेच नसतात. एप्रिलमध्ये विकलेले लिक्विड फंडात टाका.

पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आयोजक सरकारसाठी आगाऊ वसूल करतो तो कर, द्यावा लागेल. 2025-26 च्या नियमाने परदेशी सहलीवर दहा लाखांपर्यंत तो पाच टक्के होता, त्या हिशोबाने तुमचे सुमारे 35 हजार. हा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, भराल त्या दिवशीचा लागू होईल. ही रक्कम बुडत नाही. पण तुम्हाला कर नसल्याने ती परत हवी तर विवरणपत्र भरावंच लागेल. "उत्पन्नच नाही तर रिटर्न कशाला" असं यंदा म्हणू नका.

विम्यावर मात्र कंजुषी नको. तुमची इथली दहा लाखांची आरोग्य पॉलिसी बहुतेक परदेशात चालणार नाही. तिथे गंभीर आजारपण आलं तर रुग्णाला विमानाने ऑस्ट्रेलियाला हलवतात आणि त्याचं बिल तुमचा उरलेला फंड गिळू शकतं. वैद्यकीय स्थलांतराचं कलम वाचा, रक्तदाब लिहून द्या, आणि दंगल किंवा टोळीयुद्धाचा अपवाद आहे का ते लेखी विचारा. जानेवारी 2024 मध्ये पोर्ट मोर्सबीत दंगल झाली, पुढच्याच महिन्यात एंगा प्रांतात टोळीयुद्धात डझनावारी माणसं मारली गेली. एंगा गोरोकापासून लांब आहे, पण विमा कंपनी अपवाद लावताना अंतर मोजत बसत नाही. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. यंदा हुकलं तर 2027 ची आगाऊ रक्कम घाईने भरू नका. त्या वर्षाच्या मध्यात तिथे सार्वत्रिक निवडणुका आहेत आणि डोंगराळ प्रांतात त्या शांततेत क्वचितच होतात.

या सहलीची खरी किंमतही बघा. हे नऊ लाख दहा वर्षं राहिले असते आणि दहा टक्के वाढ मिळाली असती, तर तेवीस लाख झाले असते. महागाई सहा टक्के धरली तर तुमचे 55 हजार तेव्हा 98 हजारांच्या पुढे गेलेले असतील. पेन्शनवरचा महागाई भत्ता वाढेल, व्याज वाढणार नाही. म्हणून असा खर्च एकदाच करता येईल. आणि सहल आणि मुलाचे पाच लाख, दोन्ही नाही. उरलेल्या नऊ लाखांतून पाच दिलेत तर पंचाहत्तरीत तुम्हीच त्याच्याकडे मागाल. त्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षांची कमाई आहे, त्याने कर्ज थोडं जास्त घ्यावं किंवा फ्लॅट थोडा लहान. हे त्याला आगाऊ रक्कम भरण्याआधी सांगा, म्हणजे तो बिल्डरला तुमच्या भरवशावर शब्द देणार नाही.