सी कॉर्डमधली मुकी तार
प्रश्न : गिटारवर ई मायनर हा कॉर्ड (एकत्र वाजवायचा सुरांचा गट) जमतो, परंतु सी मेजर धरताना पहिली तार दबकी वाजते आणि ए मायनरवरून तिथे येताना ताल सुटतो. काय करावे?

उत्तर : सर्वांत बारीक असलेली ही तार येथे मोकळी वाजायला हवी; दुसऱ्या तारेवरील तर्जनी आडवी पडून तिला टेकत असावी, म्हणून बोटाचे टोक उभे ठेवून फ्रेटच्या (गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या घराच्या) पट्टीलगत दाबावे (डाव्या हाताची नखे वाढली असतील, तर आधी ती कापावीत). बदलाचे म्हणाल, तर दोन्ही कॉर्डमध्ये तर्जनी आणि मध्यमा आपापल्या जागीच राहतात. केवळ अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची असते. सगळीच बोटे उचलण्याची सवय नवशिक्यांना नडते.