वेल्डिंग : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. एका साखर कारखान्यासाठी १० टन क्रेनचे गॅन्ट्री गर्डर (क्रेन ज्यांच्यावरून धावते त्या तुळया) केले. खालची फ्लॅंज (गर्डरची आडवी प्लेट) २० मिमी. बट जॉइंट यूटीत (अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये) पास, फिलेट (कोपऱ्यातली वेल्ड) गेजला बरोबर. शेवटच्या दिवशी पोरांनी केबल ट्रेसाठी अँगलच्या १२० मिमी लांबीच्या क्लीट (आधाराचे तुकडे) खालच्या फ्लॅंजला वेल्ड मारल्या. ड्रॉइंगमध्ये त्या नव्हत्या. थर्ड पार्टी इन्स्पेक्टरने सगळे गर्डर होल्डवर टाकले. दोन क्लीट हातोड्याने पाडून दाखवल्या, तर साहेब आणखीच चिडले. क्लीट काही लोड घेत नाही, केबलचं वजन असून असून किती? मग एवढं अडून का बसायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इन्स्पेक्टर बरोबर आहे. हंगाम तोंडावर आलाय, गाडी उभी आहे, बिल अडलंय, हे सगळं मला कळतं. बारा वर्षं मी स्वतः वेल्डिंगचा होल्डर धरलाय, मग इन्स्पेक्शनला आलो. तरी मीही तुमचे गर्डर थांबवलेच असते.

क्लीट लोड घेत नाही, खरं आहे. पण ती जिला चिकटली आहे ती फ्लॅंज घेते. क्रेन लोड घेऊन गर्डरवरून गेली की खालची फ्लॅंज ताणली जाते, क्रेन पुढे गेली की सुटते. जितक्या फेऱ्या तितके हिसके. सपाट प्लेटमध्ये हा ताण सरळ वाहतो. क्लीटच्या टोकाशी, वेल्ड जिथे प्लेटला टेकते त्या रेषेवर, तो एका जागी गोळा होतो. युरोपियन कोडमध्ये फटीगसाठी, म्हणजे अशा हिसक्यांनी धातू थकून तडकण्यासाठी, प्रत्येक जोडाला आकडा दिलेला असतो; आकडा मोठा तितका जोड टिकाऊ. वेब (गर्डरची उभी प्लेट) आणि फ्लॅंजच्या हाताने मारलेल्या सलग फिलेटला १००. फ्लॅंजवर लांबीच्या दिशेने १०० मिमीपेक्षा मोठा तुकडा वेल्ड केला, की त्या जागेला ५६. आयुष्य या आकड्याच्या तिसऱ्या घाताने बदलतं. हिशोब करून बघा, त्याच ताणाला आयुष्य पाचव्या हिश्श्यापेक्षाही खाली येतं. त्यासाठी केबलचं वजन लागतच नाही, क्लीट रिकामी असली तरी हेच.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जाड थंड प्लेटवर छोटा टाका मारला की प्लेट त्याची उष्णता क्षणात ओढून घेते. लोहार विळ्याला पाणी देतो, तसंच हे झालं. विळ्याची धार कडक व्हायला हवी, फ्लॅंज कडक व्हायला नको. त्यात रॉड दमट असेल तर हायड्रोजन आत शिरतो आणि वेल्डच्या कडेला किंवा पोटाखाली तडा जातो. तोही लगेच नाही, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणूनच संशयाच्या जागी ४८ तास थांबून टेस्ट करतात.

एका कारखान्यात मी चालू क्रेनचा गर्डर तपासायला चढलो होतो. खालच्या फ्लॅंजवर अशीच एक क्लीट, तिच्या टोकाशी रंगावर गंजाची बारीक रेघ. रंग काढला, डीपीचा (रंग मुरवून तडे दाखवणाऱ्या टेस्टचा) लाल पेनिट्रंट मारला, दहा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारला. आधी फक्त वेल्डच्या कडेला लाल ठिपके आले. मग ते जुळले आणि तिथून रेघ फ्लॅंजमध्ये आडवी चालू लागली. डोळ्यांदेखत चार बोटं लांब झाली. खाली शिफ्ट चालू होती. मी वरूनच ओरडून क्रेन थांबवली. क्लीटला तेव्हाही एक जुनी वायर तेवढी बांधलेली होती.

उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, १९८० साली याचीच फार मोठी किंमत मोजली गेली. ‘अलेक्झांडर एल. कीलँड’ हा तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या राहण्यासाठी वापरला जाणारा तरंगता प्लॅटफॉर्म. पाण्याखालचा आवाज टिपणारं हायड्रोफोन नावाचं उपकरण बसवायला त्याच्या एका आडव्या ब्रेसला (पायांना बांधून धरणाऱ्या नळीला) भोक पाडून होल्डर वेल्ड केला होता, ६ मिमीच्या फिलेटने. कुणी त्याला लोड घेणारा जोड मानला नव्हता. तडा त्याच वेल्डपासून सुरू झाला, लाटांच्या हिसक्यांनी ब्रेसभर पसरला, आणि २७ मार्चच्या वादळात ब्रेस तुटली. तिच्यामागोमाग प्लॅटफॉर्मचा एक पायच निसटला. वर २१२ माणसं होती, १२३ गेली. तपासात त्या तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे प्लॅटफॉर्म यार्डात रंगवला तेव्हाच वेल्ड तडकलेली होती आणि ती कुणी पाहिली नाही.

आता तुमचं काम. उरलेल्या क्लीटना हातोडा लावू नका. हातोड्याने वेल्ड फ्लॅंजचा लचका घेऊन निघते, इन्स्पेक्टर चिडला तो त्यासाठीच. क्लीट गॅसने किंवा कटिंग व्हीलने कापा, पण फ्लॅंजच्या वर दोन-तीन मिमी ठेवून. उरलेलं ग्राइंडरने उतरवा. शेवटचे ओरखडे गर्डरच्या लांबीच्या दिशेनेच पडू द्या, आडवे नकोत. मग त्या प्रत्येक जागेची एमपीटी (चुंबकाने तडे शोधणारी टेस्ट) करा, निदान डीपी तरी. पाडलेल्या दोन जागांची तर नक्कीच. आजूबाजूला होल्डर टेकून उठलेले आर्कचे डागही शोधा, तेही घासून तपासायचे.

तडा दिसला तर तो पूर्ण जाईपर्यंत घासा आणि परत टेस्ट करा. खोली मोजून डिझायनरला कळवा. उथळ असेल तर तो उतार देऊन सोडायला सांगेल. खोल असेल तर वेल्ड भरायची, पण त्याच्या लेखी मंजुरीनंतर, प्रीहीट देऊन, ओव्हनमधल्या ७०१८ ने (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड). स्वतःच्या मनाने भरून, घासून, रंग मारून मोकळं होऊ नका. हे मी हात जोडून सांगतो.

केबल ट्रे वेबच्या मध्यावर घ्या, तिथे वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो. किंवा फ्लॅंजला क्लॅम्पने धरा. दोन्हींसाठी आधी ड्रॉइंगवर सही. फ्लॅंजला ड्रिल मारायचा विचार करत असाल तर सोडून द्या, भोक पाडलं तरी ताण गोळा होतोच.

प्रश्न : मी आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे. सर म्हणतात, ७०१८ चं नवीन पाकीट फोडलं तरी रॉड भाजून घ्यायचे. नवीन रॉडला काय झालं?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतात. व्हॅक्यूम पॅक असेल तर गोष्ट वेगळी, पण साध्या पुठ्ठ्याच्या पाकिटातून हवा आत जातेच, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर कोटिंग पाणी पितंच. दमट रॉडने काय होतं ते वर सांगितलंच आहे. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला आणि तितकाच वेळ भाज, मग साधारण १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेव. लागतील तेवढेच रॉड क्विव्हरमध्ये (रॉड गरम ठेवायच्या डब्यात) घे. उघड्यावर चार तासांपेक्षा जास्त राहिलेला रॉड परत भाजायचा, तोही एकदाच. काही जण रॉड प्लेटला चिकटवून लाल करतात आणि ‘सुकला’ म्हणतात. त्याने कोटिंग जळतं, तडकतं. तसा रॉड कुणी हातात दिला तर बाजूला ठेव आणि दुसरा माग.