आयव्हीएफ क्लिनिकने आमचे उरलेले भ्रूण न विचारता दुसऱ्याला दिले असा संशय आहे. गोव्यात दाद कुठे मागायची, आणि शिक्षा काय?

सर्वात आधी तुमची कागदपत्रे लेखी मागा : संमतीपत्रे, भ्रूण गोठवल्याची नोंद, बिले. अर्जाची पोच घ्याच. हे नसेल तर पुढचे सगळे लटकते.

२०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या सहाय्यक प्रजनन तंत्रांच्या) कायद्यानुसार तुमच्या लेखी संमतीशिवाय क्लिनिकला काहीच करता येत नाही. भ्रूण किंवा बीजांडे विकणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास ३ ते ८ वर्षे कैद आणि १० ते २० लाख दंड. पहिल्या गुन्ह्याला नुसता दंड, हे मला फार सौम्य वाटते. भ्रूण म्हणजे दुकानातला माल नव्हे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. या कायद्याखाली तुम्ही थेट कोर्टात खटला भरू शकत नाही. तक्रार राष्ट्रीय किंवा राज्य मंडळाने, नाहीतर त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करावी लागते. म्हणून राज्याच्या आरोग्य खात्यातील सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. नोंदणी स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकारही त्यालाच आहे.

दंड मात्र सरकारजमा होतो, तुमच्या हाती काही येत नाही. भरपाईसाठी उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत २ वर्षांची, ऑनलाइनही दाखल करता येते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात, पण मुदतीचा विचार करून वकिलाला याच आठवड्यात भेटा.