मुलीला आमची लाज वाटते का?

‘तिनं आम्हाला बघितलं, मॅडम. बघून मान वळवली आणि मैत्रिणींबरोबर सरळ पुढे निघून गेली.’ समुपदेशनासाठी आलेल्या पुण्यातल्या एका आईची ही तक्रार. मुलगी ऋतुजा एफ.वाय. बी.कॉम.ला आहे (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडिलांची वडापाव-भजीची गाडी, संध्याकाळी आईही गाडीवरच असते. घर चाळीतलं, दोन खोल्यांचं. आईचं म्हणणं एवढंच होतं की मुलीला चार शब्द सुनवावेत. बाप पहाटे चारला उठून बटाटे उकडायला लावतो, हे तिला कळू द्यावं.

ते तिला कळतंच. लहानपणापासून ती त्याच कुकरच्या शिट्टीनं जागी होते. कष्टांची आठवण करून दिली की लाजेच्या जोडीला अपराधीपणा येतो, आणि अपराधी वाटणारं मूल आणखी लपवतं. रिक्षा चालवणारे, शिवणकाम करणाऱ्या, सोसायटीत वॉचमन असणारे पालक हाच प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेक घरांत सुनावणं आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन भेटी ऋतुजाशी एकटीशी झाल्या, आई बाहेर बसली.

पहिलं काम वहीतलं. आठवडाभर जे जे लपवलं ते लिहायचं, आणि त्यापुढे त्याची किंमत: पैसे, वेळ, झोप. ऋतुजाच्या वहीत निघालं ते असं. चाळ दिसू नये म्हणून एक थांबा आधी उतरून रोज पाऊण तास पायपीट. कॅफेत ‘भूक नाही’ म्हणायला नको म्हणून आठवड्याला साडेतीनशे रुपये, त्यातले दोनशे उसने. बाबांचा ‘फूड बिझनेस’ असल्याची एक थाप, आणि ती सांभाळायला पुढच्या चार. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाही, कारण मग आपल्यालाही त्यांना घरी बोलवावं लागेल. केसांना तळणाचा वास येतो या भीतीनं सकाळी दोनदा अंघोळ. वही वाचून ती स्वतःच म्हणाली, ‘ही तर पार्टटाइम नोकरीच झाली की.’

मग दुसरा प्रश्न: समोरच्याला कळतं कशावरून? लोक घराचा थर ओळखतात तो पगाराची पावती बघून नव्हे. राहता कुठे, गावाला जाता की फिरायला जाता, इंग्रजीत बोलताना अडखळता का, मेन्यूकार्डावर नजर आधी नावाकडे जाते की उजवीकडच्या किमतीकडे, शिक्षकांना ‘सर, दोन दिवस वाढवून द्या’ असं बिनधास्त म्हणता येतं का, अशा खुणांवरून ते अंदाज बांधतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी या गोष्टींना सांस्कृतिक भांडवल म्हटलं. घरात न शिकवता मिळणारं हे भांडवल आहे, आणि ज्याच्याकडे आहे त्याला ते आपल्या अंगचं शहाणपण वाटतं. ऋतुजानं आईकडे नव्या फोनचा हट्ट धरला होता, त्याचं मूळ इथे आहे. फोन हप्त्यावर एका दिवसात येतो; मेन्यूकार्डाची उजवी बाजू न बघण्याची सवय हप्त्यावर येत नाही. त्यामुळे फोन आला तरी महिन्याभरात लाज बुटांवर जाते, मग बॅगेवर. २४,००० चा फोन सहा हप्त्यांत घेतला तर महिन्याला ४,००० झाले, तेही व्याज धरायच्या आधी. पालकांनी या वाटेनं जाऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या भेटीत मोजमाप काढलं. ऋतुजाच्या मनात एकच शिडी होती आणि त्या शिडीवर ती खालच्या पायरीवर. मैत्रीण सई वरच्या पायरीवर, कारण तिचे वडील प्राध्यापक. प्रत्यक्षात ते तासिका तत्त्वावर शिकवतात, सुट्टीचा पगार नाही, महिन्याला सरासरी पंचवीस हजारांच्या आत. गाडीचा खर्च, तेल, गॅस, मदतनिसाचा पगार वजा जाता ऋतुजाच्या घरात पंचेचाळीस हजार उरतात. हा आकडा तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाहण्यांत शहरी कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक स्तर ठरवायला कुप्पुस्वामींची १९७६ ची मोजपट्टी अजून वापरतात. कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणाला जास्तीत जास्त ७ गुण, व्यवसायाला १०, कुटुंबाच्या उत्पन्नाला १२, एकूण २९. उत्पन्नाचे टप्पे महागाईप्रमाणे वेळोवेळी बदलतात. ऋतुजाचे वडील नववीपर्यंत शिकलेले म्हणून ३, दुकानदार गटात ५, उत्पन्नाचे तीन-चार. बेरीज ११ किंवा १२, म्हणजे कनिष्ठ मध्यम वर्ग (११ ते १५). सईच्या वडिलांना उत्पन्नाचे दोनच गुण मिळतात, पण शिक्षणाचे सहा-सात आणि व्यवसायाचे पूर्ण दहा. बेरीज १८ किंवा १९, म्हणजे उच्च मध्यम वर्ग (१६ ते २५).

जाहिरात आणि माध्यमवाल्यांची २०११ पासूनची पद्धत वेगळी आहे. ते दोनच गोष्टी विचारतात: मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. ऋतुजाकडे पहिल्या सात आणि गावची दीड एकर धरून आठ. बारा गटांच्या या उतरंडीत तिचं घर आरामात वरच्या निम्म्यात बसतं. आणि शासनाच्या फी-सवलतीच्या अर्जात ८ लाखांची वार्षिक मर्यादा असेल तिथे दोन्ही घरं एकाच रांगेत. ऋतुजाला आम्ही विचारलं, यातलं खरं कुठलं? ती बराच वेळ आकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे सईच्या घरी पैसा नाही, पण मान आहे.’ जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी आर्थिक वर्ग आणि सामाजिक दर्जा वेगळे मोजायला सांगितलं ते हेच. कुणाला बरं वाटावं म्हणून हा हिशेब मांडत नाहीत. लाज नेमकी कशाची आहे ते त्यातून सापडतं. ऋतुजाची लाज गरिबीची नव्हती. रस्त्यावर उभं राहून विकण्याची होती.

इथे एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न बऱ्याचदा वर्गाच्या आडून जात विचारतो. मुलीला जातीवरून टोमणे येत असतील, तर तो आत्मविश्वासाचा विषय नाही आणि तिला धीट करणं हा त्यावरचा इलाजही नाही. तारीख, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवून महाविद्यालयाकडे लेखी तक्रार करायची, प्रसंगी कायद्याचा सल्ला घ्यायचा. ऋतुजाच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

पुढचा भाग पायऱ्यांचा. लपवलेल्या गोष्टींना तिनं शंभरपैकी भीतीचे गुण दिले आणि चाळिशीच्या आतल्या गोष्टीपासून सुरुवात केली: नेहमीच्या थांब्यावर उतरणं, ३०. ‘या महिन्याचे माझे बाहेर खायचे पैसे संपलेत, मी चहा घेते’ हे वाक्य बोलणं, ४५. एकट्या सईला खरं सांगणं, ६०. गाडीवर मैत्रिणींना ओळख दाखवणं, ८०. घरी बोलावणं, ९०. एक पायरी दोन-तीनदा करून भीती निम्म्यावर आल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

सईला काय सांगायचं ते आधी खोलीत बोलून पाहिलं. पहिल्या प्रयत्नात ती म्हणाली, ‘अगं, मला तुला काहीतरी सांगायचंय, प्लीज हसू नको...’ असं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं की समोरचीलाही वाटतं, काहीतरी भयंकर आहे. दुसऱ्या प्रयत्नात तिनं बाबांच्या ‘तेलकट साम्राज्या’वर विनोद केला. हा तर त्याहून वाईट मार्ग, कारण उद्या तोच विनोद गटात फिरतो आणि तिला तक्रारही करता येत नाही. शेवटी वाक्य ठरलं ते असं: ‘बाबांची वडापावची गाडी आहे, मी बिझनेस म्हणत होते ती तीच.’ एवढं बोलून गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं.

लोक आपल्याकडेच बघताहेत हा अंदाज किती फुगलेला असतो, याचा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांना चित्र ओळखू येईल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांनाच ओळखता आलं. ऋतुजानं सईला खरं सांगितलं तेव्हा कळलं, तिला गाडीचं दिवाळीपासूनच माहीत होतं. तिनं मुद्दाम विचारलं नव्हतं. गटातल्या दुसऱ्या एकीनं मात्र नाक मुरडलं, ‘म्हणजे इतके दिवस खोटं बोलत होतीस.’ त्याला उत्तर तयार होतं: ‘हो, बोलले. चुकलं.’ खोटं बोलल्याची माफी मागायची, गाडीची नाही.

आईवडिलांना चार गोष्टी सांगितल्या. रस्त्यात भेटलो तर हाक मारू का, हे तिला आधी विचारा. धडा शिकवायला तिच्या कॉलेजात जाऊन उभे राहू नका. ‘तुझ्यासाठी राबतोय’ हे वाक्य बंद करा. आणि दर रविवारी गल्ल्याचा हिशेब तिच्यासमोर करा. चौथ्या गोष्टीला वडील राजी नव्हते, पोरीला कशाला घोर म्हणाले. बी.कॉम.च्या मुलीनं दुसऱ्याच रविवारी त्यांचा तेलाचा हिशेब चुकतोय हे दाखवलं, मग आक्षेप राहिला नाही.

मूल कॉलेजला जायचंच थांबलं असेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून पैसे उचलले असतील किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर या पायऱ्या करत बसू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो.

अडीच महिन्यांनंतर गाडीपाशी थांबायची भीती ८० वरून २५ वर आली. घरी बोलावणं ६० वरच आहे. सई येऊन गेली, बाकीच्यांना बोलवायची ऋतुजाची इच्छा नाही. ते तसंच ठेवलं, कारण कुणाला घरी आणायचं हे तिनं ठरवायचं. शेवटच्या भेटीत आईनं वेगळंच काढलं: उद्या लग्नाच्या बायोडेटात वडिलांचा व्यवसाय काय लिहायचा? ऋतुजा बाजूलाच बसली होती. ‘वडापावची गाडी, स्वतःची,’ ती म्हणाली, ‘आणि लग्नाला अजून पाच वर्षं आहेत.’