अल्बेनियन भाषेत सापाला 'ग्यार्पर' म्हणतात. तो संस्कृत 'सर्प'वरून आला का? आणि मराठी माणसाला ही भाषा सोपी जाईल का?

नाही. दोन्ही शब्द एकाच मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, अल्बेनियन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या) शब्दाची लेकरं.

याच सापावरून गेल्या गणपतीत माझं आमच्या दाजींशी वाजलं. आरती उरकून पानं मांडली जात होती, तेवढ्यात त्यांनी एक फॉरवर्ड मोठ्याने वाचला. अल्बेनियात साप ग्यार्पर, सहा ग्याश्त, झोप ग्यूम. म्हणजे सर्प, षष्, स्वप्न! झालं, जगाची भाषा संस्कृतातून निघाल्याचं सिद्ध.

मी म्हटलं, दाजी, जोड्या बरोबर आहेत, निष्कर्ष भलता. मूळ 'स'पुढच्या स्वरावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, असला की अल्बेनियनमध्ये त्याचा 'ग्य' झाला. लॅटिनमध्ये 'स'च राहिला: सेर्पेन्स, सेक्स, सोम्नुस. मग लॅटिनमधून आला असं का नाही म्हणत?

"लॅटिनही संस्कृतच," दाजी.

आता मीही पेटलो. रोमन राजवटीत लॅटिन शब्द शिरले तोवर हा 'ग्य'चा बदल होऊन गेला होता, म्हणून त्या शब्दांत 'स'चा 'श' दिसतो: सानितातेमचं शंदेत (आरोग्य), सेकुलुमचं शेकुल (शतक). पुढे तुर्कीतून आलेल्या शब्दांत 'स' जसाच्या तसा. त्यांचा सेबेप म्हणजे आपली सबब, हेसाप म्हणजे हिशोब. हे शब्द चटकन ओळखू येतात, कारण ते उसने आहेत: मूळ अरबी, तिकडे तुर्कीने पोचवले, इकडे फारसीने. खरं नातं ग्यूममध्ये आहे, आणि तो कुणाला ओळखूही येत नाही!

यावर दाजींनी कढी मागितली. ताई म्हणाली, आता जेवा गुपचूप.

तर कुणी नुसती सारखी दिसणारी जोडी पुढे केली, तर नियम विचारा आणि त्याच नियमाची आणखी चार उदाहरणं मागा. फॉरवर्डमध्ये ती नसतात.

सोपी जाईल का? ओळखीच्या शब्दांच्या भरवशावर तरी नाही. भाषाशास्त्रज्ञ गुस्ताव मायरच्या १८९१च्या अल्बेनियन व्युत्पत्तिकोशात ५,१४० पैकी जेमतेम ४०० शब्द वारशाचे, म्हणजे त्या मूळ भाषेतून थेट आलेले, ठरले होते. नंतरच्या अभ्यासकांनी आकडा वाढवला, पण लॅटिन, ग्रीक, स्लाव्ह, तुर्कीची भर प्रचंडच आहे.

हो, सातला ते 'श्तात' म्हणतात, 'ग्य'ने सुरू होणारं काही नाही. तिथे आघात पहिल्या स्वरावर नव्हता, म्हणून 'श'. दाजी हे वाचणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो.