एकाच उद्योगसमूहाला किती विमानतळ मिळावेत, याला भारतात मर्यादा आहे का?

सरसकट नाही. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई एकालाच द्यायची नाही असं ठरलं होतं, म्हणून दिल्ली जीएमआरला गेली, मुंबई जीव्हीकेला. २०१९ च्या सहा विमानतळांच्या निविदेआधी अर्थ मंत्रालयानेही एका बोलीदाराला दोनच द्या असं सुचवलं, पण ती अट आलीच नाही. सहाही अदानींकडे गेले. २०२१ मध्ये जीव्हीकेकडची मुंबईही त्यांच्याकडे आली, सोबत नवी मुंबई.

विमानतळांवरचं शुल्क सरकारी नियामक ठरवतो, त्यामुळे मनमानी दरवाढीची ओरड मला थोडी अतिरंजित वाटते. खरी अडचण तुलनेची आहे: एकाच महानगरातले दोन्ही विमानतळ एका हाती असतील, तर नियामकाने कोणाचा खर्च कोणाशी पडताळायचा?