कोड एडिटरची मांडामांड : वाचकांच्या शंका

गेल्या काही आठवड्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी होती : कोड लिहिण्याचा एडिटर आपल्या सोयीने कसा मांडावा, आणि मांडता मांडता बिघडला तर पूर्ववत कसा करावा. बहुतेकांच्या हाती व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजे बोलण्यातला व्हीएस कोड, असल्यामुळे उत्तरे मुख्यतः त्याविषयी आहेत. त्याचे मेनू आणि आज्ञा पडद्यावर इंग्रजीत दिसतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कळा विंडोजच्या दिल्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुधा कमांड कळ चालते.

प्रश्न : मी कळव्याचा रहिवासी असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माऊसने काहीतरी ओढले गेले आणि डाव्या बाजूची फाइलींची यादी खालच्या पॅनेलमध्ये जाऊन बसली, तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवण्याची चौकट, उजव्या कडेला गेले. एडिटर काढून पुन्हा बसवला, तरी स्थिती तीच आहे. काय करावे?

उत्तर : पुन्हा बसवून उपयोग झाला नाही याचे कारण असे की, आपली मांडणी आणि सेटिंग्ज प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नसून आपल्या वापरकर्ता-खात्याच्या फोल्डरमध्ये वेगळी साठवलेली असतात, आणि प्रोग्रॅम काढला तरी ती तेथेच राहतात. नव्याने बसवलेला एडिटर इमानेइतबारे तीच जुनी मांडणी उचलतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि पी या तीन कळा एकत्र दाबून कमांड पॅलेट उघडावे आणि तेथे ‘रिसेट व्ह्यू लोकेशन्स’ ही आज्ञा शोधून चालवावी. फाइलींची यादी, शोध, गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) यांसारखी प्रत्येक चौकट तिच्या मूळ जागी परत जाईल. टर्मिनलची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याकडे बहुधा टर्मिनल एकटे हललेले नसून ते ज्यात राहते ते संपूर्ण पॅनेलच उजवीकडे गेले आहे. पॅनेलच्या शीर्षकपट्टीवर उजवी क्लिक करून ‘पॅनेल पोझिशन’ आणि त्यात ‘बॉटम’ निवडावे.

हा फरक एकदा नीट समजून घेतला तर पुढची पुष्कळ डोकेदुखी वाचते. खिडकीचे ठरलेले कप्पे असतात : कडेची चित्रांची उभी पट्टी म्हणजे ॲक्टिव्हिटी बार, तिच्याशेजारचा साइडबार, मधला कोडचा भाग, खालचे पॅनेल, हवा असल्यास समोरच्या कडेचा दुय्यम साइडबार, आणि तळाची स्टेटस बारची पट्टी. या कप्प्यांत ठेवलेल्या चौकटी मात्र एका कप्प्यातून दुसऱ्यात ओढून नेता येतात. म्हणून काही हरवले की आधी स्वतःला विचारावे : कप्पा बंद झाला आहे, कप्पा सरकला आहे, की आतली चौकट दुसऱ्या कप्प्यात गेली आहे? कप्पा बंद झाला असेल तर कंट्रोल-बी ने साइडबार आणि कंट्रोल-जे ने पॅनेल परत येते. मेनूची पट्टीच दिसेनाशी झाली असेल तर आल्ट दाबून पाहावे. आणि कोडखेरीज सगळेच नाहीसे झाले असेल, तर आपण चुकून झेन मोडमध्ये शिरलेले असता. एस्केप दोनदा दाबले की बाहेर पडता येते. (प्रस्तुत लेखकाने या साध्या उपायाअभावी एकदा संपूर्ण लॅपटॉप बंद करून चालू केला होता, आणि उघडल्यावर पुन्हा झेन मोडच समोर आला होता.)

प्रश्न : मी पनवेलहून ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला येते. पनवेलला गाडी सुटते तेथूनच बसत असल्यामुळे जागा मिळते आणि पाऊण तास काम करता येते, पण चौदा इंची पडद्यावर कोडला जागाच उरत नाही, शिवाय सकाळचे ऊन पडद्यावर येते. कार्यालयात मात्र दोन मोठे मॉनिटर आहेत. दोन्हीकडे एकच मांडणी जमत नाही.

उत्तर : एकच मांडणी जमवण्याचा अट्टाहासच सोडावा. व्हीएस कोडमध्ये २०२३ च्या आरंभापासून प्रोफाइलची सोय आहे. सेटिंग्ज, कळांचे संयोग, एक्स्टेन्शन्स (एडिटरला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम) आणि पडद्याची मांडणी असा सगळा संसार एका नावाखाली बांधून ठेवता येतो. डाव्या कोपऱ्यात खाली असलेल्या दातेरी चक्रावर क्लिक करून ‘प्रवास’ आणि ‘कार्यालय’ अशी दोन प्रोफाइल करावीत. सावधगिरी इतकीच की, एका प्रोफाइलमध्ये बसवलेले एक्स्टेन्शन दुसऱ्यात आपोआप येत नाही. ते सर्व प्रोफाइलना लागू करण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

प्रवासाच्या मांडणीत पहिली गोष्ट म्हणजे साइडबार उजवीकडे न्यावा. हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु डावीकडचा साइडबार उघडला वा मिटला की सगळा कोड आडवा सरकतो आणि नजर जिथे होती तिथून ओळ निसटते. तो उजवीकडे असला तर ओळींची सुरुवात जागच्या जागी राहते आणि कंट्रोल-बी कितीही वेळा दाबले तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. लहान पडद्यावर साइडबार सतत उघडा ठेवणे परवडत नाही, तो सारखा उघडमीट करावाच लागतो. म्हणून माझ्या मते या एका बदलाचे मोल कोणत्याही थीमपेक्षा, म्हणजे रंगसंगतीपेक्षा, जास्त आहे.

त्यानंतर उजव्या कडेचा कोडचा लहानसा नकाशा, म्हणजे मिनिमॅप, बंद करावा. ॲक्टिव्हिटी बारची उभी पट्टी साइडबारच्या माथ्यावर नेता येते, म्हणजे साइडबार मिटला की तीही मिटते. लॅपटॉपच्या रुंद पडद्याला तोटा असतो तो उंचीचा, आणि खालचे पॅनेल नेमकी उंचीच खाते. म्हणून गाडीत पॅनेल एरवी मिटलेले असावे. टर्मिनल लागेल तेव्हा कंट्रोल आणि बॅकटिक, म्हणजे एस्केपच्या खालची कळ, दाबून ते बोलवावे, काम झाले की त्याच कळांनी परत पाठवावे. कार्यालयातील रुंद मॉनिटरवर याच्या उलट करावे : पॅनेल उजवीकडे उभे ठेवले तर कोड आणि टर्मिनल दोघांनाही पूर्ण उंची मिळते. दुसऱ्या मॉनिटरसाठी फाइलचा टॅब पकडून खिडकीबाहेर ओढावा, त्याची स्वतंत्र खिडकी होते. ही सोय २०२३ च्या अखेरीस आली, त्यामुळे जुनी आवृत्ती असल्यास आधी ती अद्ययावत करावी.

उन्हाचा उपाय सोपा आहे. प्रवासाच्या प्रोफाइलला पांढरी थीम द्यावी. काळ्या पडद्यावर ऊन पडले की त्याचा आरसा होतो, आणि कोडपेक्षा समोरच्या प्रवाशाचा चेहरा अधिक स्पष्ट दिसतो.

प्रश्न : माझे वय अठ्ठेचाळीस आहे, चष्मा आहे, घोडबंदर रस्त्यावर घरूनच काम करतो. तरुण सहकारी म्हणतात की काळी थीम डोळ्यांना चांगली. मला मात्र तिच्यात अक्षरे पसरल्यासारखी दिसतात.

उत्तर : आपले डोळे खरे सांगत आहेत. पार्श्वभूमी काळी असली की बाहुली मोठी होते, आणि बाहुली जितकी मोठी तितके डोळ्यातील दृष्टिदोष प्रतिमेत अधिक उतरतात. ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे होणारा दृष्टिदोष, असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरे म्हणूनच फुटल्यासारखी वाटतात. दिवसा उजेडाच्या खोलीत पांढरी थीम आणि रात्री मंद दिव्यात काळी, असा साधा हिशेब ठेवावा. सेटिंग्जमध्ये ‘ऑटो डिटेक्ट कलर स्कीम’ चालू केले तर एडिटर विंडोजच्या उजळ किंवा गडद निवडीमागे जातो. शुद्ध पांढरा खुपत असेल तर ‘सोलराइज्ड लाइट’ वापरून पाहावी. ईथन शूनओव्हर यांनी २०११ मध्ये ही सोळा रंगांची जोडथीम केली. तिचा उजळ कागद पिवळसर आहे आणि ती व्हीएस कोडमध्ये आधीपासूनच असते. परंतु तिच्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरक मुद्दाम सौम्य ठेवला आहे. तो कमी वाटला तर उलट दिशेने जाऊन ‘हाय कॉन्ट्रास्ट लाइट’ घ्यावी. थीम बदलण्याआधी अक्षरांचा आकार एक-दोन अंकांनी वाढवून पाहावा, कारण विंडोजवर तो मुळात १४ असतो आणि पुष्कळांची तक्रार तेवढ्यानेच मिटते.

प्रश्न : कोपरखैरणे येथील महाविद्यालयात मी प्रोग्रॅमिंग शिकवते. प्रोजेक्टरवर मागच्या बाकांना काहीच दिसत नाही.

उत्तर : कंट्रोल आणि अधिक-चिन्हाची कळ दाबल्यास संपूर्ण खिडकी दरवेळी सुमारे २० टक्क्यांनी मोठी होते, परंतु त्यात साइडबारही फुगतो, म्हणून तो मिटवूनच शिकवावे. थीम पांढरीच असावी, कारण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त प्रकाश न टाकता भिंत तशीच सोडतो, आणि उजेडाच्या वर्गात ती भिंत करडीच दिसते. कमांड पॅलेटमध्ये ‘टॉगल स्क्रीनकास्ट मोड’ ही आज्ञा आहे. ती चालू केली की आपण दाबलेल्या कळा पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटतात आणि ‘बाई, आत्ता काय दाबलंत?’ हा प्रश्न थांबतो.

प्रश्न : खारघरहून लिहितो आहे. मला लाल आणि हिरवा यांत भेद करता येत नाही. सहकाऱ्यांनी कोडमध्ये केलेले बदल तपासताना कोणती ओळ आली आणि कोणती गेली हेच कळत नाही, आणि हे सर्वांसमोर सांगायचा संकोच वाटतो.

उत्तर : कोणालाही न सांगता हे आपल्यापुरते बदलता येते. सोपा मार्ग असा की, गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाने काढलेले थीमचे एक्स्टेन्शन बसवावे. त्यात रंगांधळेपणासाठी खास केलेल्या उजळ आणि गडद थीम आहेत.

आपली सवयीची थीम सोडायची नसेल तर तेवढेच दोन रंग बदलावेत. सेटिंग्जमध्ये ‘कलर कस्टमायझेशन्स’ शोधून सेटिंग्जची जेसन फाइल, म्हणजे सेटिंग्ज मजकुराच्या रूपात लिहिलेली फाइल, उघडावी. त्या नोंदीच्या महिरपी कंसात ‘डिफ-एडिटर’ टाइप करायला लागताच एडिटर स्वतःच नावे सुचवतो. त्यांतील ‘इन्सर्टेड टेक्स्ट बॅकग्राउंड’ला निळा आणि ‘रिमूव्हड टेक्स्ट बॅकग्राउंड’ला नारिंगी रंग द्यावा. निळा आणि नारिंगी ही जोडी लाल-हिरव्याच्या अडचणीत सहसा दगा देत नाही. रंगाच्या सहा अक्षरी संकेतानंतर पारदर्शकतेची आणखी दोन अक्षरे लिहायला विसरू नये, नाहीतर गडद पट्टा बसून खालच्या इतर खुणा झाकल्या जातील. फाइल जतन करताच रंग बदलतो, त्यामुळे छटा डोळ्यांसमोर ठरवता येते.

याखेरीज रंगावर विसंबणे शक्य तितके कमीच करावे. बदल दाखवणाऱ्या खिडकीत ओळीपुढे अधिक-उणे चिन्हे दाखवण्याचा पर्याय चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. फाइलींच्या यादीतही नावापुढे बदललेल्या फाइलीला ‘एम’ आणि गिटमध्ये अजून न घेतलेल्या नव्या फाइलीला ‘यू’ असे अक्षर येते. रंगाकडे न पाहता ते वाचावे. हे सर्व आपल्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये लिहावे. प्रकल्पाच्या फोल्डरमधील सेटिंग्जमध्ये लिहिले आणि ती फाइल सामायिक झाली, तर सगळ्या चमूचे रंग बदलतील आणि आपल्याला टाळायची होती तीच चर्चा सुरू होईल.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत इक्लिप्स आहे, आणि घरी मी अँड्रॉइड स्टुडिओ वापरतो. तेथेही मांडणी बिघडते. (ऐरोली)

उत्तर : इक्लिप्समध्ये ‘विंडो’ मेनूतील ‘पर्स्पेक्टिव्ह’ आणि त्यात ‘रिसेट पर्स्पेक्टिव्ह’. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये शिफ्ट-एफ १२ ने मांडणी पूर्ववत होते, आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ १२ ने सगळी पॅनेल मिटून फक्त कोड उरतो.

प्रश्न : मी वाशीची असून एका मराठी संकेतस्थळाचे काम करते. कोडमध्ये मराठी मजकूर आला की तो बारीक दिसतो, वेलांट्या आणि उकार कापले जातात, आणि नीट एकाखाली एक लावलेले रकाने वाकडे होतात.

उत्तर : कोडसाठी वापरले जाणारे बहुतेक फॉन्ट समरुंद, म्हणजे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे, असतात आणि त्यांत देवनागरी नसते. मग प्रणाली आपल्या मनाने दुसऱ्या फॉन्टातून देवनागरी अक्षरे आणते आणि ती शेजारच्या रोमन अक्षरांना शोभत नाहीत. ‘फॉन्ट फॅमिली’ या सेटिंगमध्ये एकच नाव न देता स्वल्पविरामाने यादी द्यावी : आधी आपला कोडचा फॉन्ट, त्यानंतर देवनागरीचा. विंडोजमध्ये निर्मला यूआय असतोच. वेगळा हवा असल्यास नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता मोफत मिळतो. नावात मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत लिहावे.

उकार कापले जातात ते ओळीची उंची अपुरी पडल्यामुळे. ‘लाइन हाइट’मध्ये आठपेक्षा लहान आकडा लिहिला तर तो फॉन्टच्या आकाराच्या पटीत धरला जातो, १.६ पासून सुरुवात करून पाहावी. रोमन कोडला ही उंची थोडी ऐसपैस वाटेल, पण ‘दृ’ आणि ‘र्शू’ पूर्ण दिसणार असतील तर पडद्यावरच्या दोन-चार ओळी गमावायला हरकत नसावी.

रकान्यांचे दुखणे मात्र सेटिंगने बरे होणारे नाही. देवनागरीत ‘र’ आणि ‘क्ष’ यांची रुंदी सारखी नसते, म्हणून मोकळ्या जागा टाकून मराठी मजकूर एकाखाली एक लावण्याचा प्रयत्नच करू नये. प्रत्येक ओळ टॅबने सुरू करून तेथेच थांबावे. टर्मिनलमध्ये तर अडचण याहून मोठी आहे, कारण तेथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट मिळते आणि काना-मात्रा, जोडाक्षरे तिच्यात नीट बसत नाहीत. टर्मिनलचा फॉन्ट एडिटरहून वेगळा ठरवता येतो, तरी त्याने हे पूर्ण सुटत नाही. तेथे मराठी विस्कटलेली दिसली म्हणून आपला प्रोग्रॅम चुकला असे समजू नये. निकाल फाइलमध्ये लिहून ती फाइल एडिटरमध्ये उघडावी आणि तपासणी तिच्यावर करावी.